धोबी तलावची पाद्र्यांची शाळा

मुंबईच्या धोबी तलावावर आता तलाव नाही, हे बाहेरगावच्या माणसाला सांगावं लागतं. तळं बुजलं, धोबी गेले, नाव तेवढं राहिलं. या चौकाच्या एका अंगाला मेट्रो सिनेमा, दुसऱ्या अंगाला काळबादेवीची गर्दी, जवळच सोनापूरचं चर्च आणि आझाद मैदान. गोव्याहून येणाऱ्या खलाशांचे, आचाऱ्यांचे आणि वाजंत्र्यांचे ‘कूड’ याच भागात होते. गावागावाचा वेगळा कूड, भिंतीला ओळीनं लावलेल्या पेट्या, आणि बोटीची वाट बघणारी माणसं. इथेच लोकमान्य टिळक मार्गावर सेंट झेवियर्स हायस्कूल उभं आहे. साल १८६९.

मी त्या शाळेचा विद्यार्थी नव्हे. माझं शिक्षण रायगड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत झालं. अब्बा मुंबईला गोदीत टॅलीक्लार्क होते. मला मुंबईला आणावं आणि पाद्र्यांच्या शाळेत घालावं असं त्यांच्या मनात फार होतं; पण चार जणांच्या खोलीत पाचवा कुठे झोपणार, म्हणून ते राहून गेलं. आमच्या कोकणी मुसलमान घरांत ‘पाद्र्यांची शाळा’ हा शब्द आदरानं आणि थोड्या धास्तीनं उच्चारला जाई. आदर शिस्तीचा, इंग्रजीचा. धास्ती कशाची, हे कुणी उघड बोलत नसे. पण धास्ती असूनही लोक मुलांना तिथे पाठवत होते, आणि त्याही आधी पाठवत आले होते. ते का, याचा विचार करता करता या शाळेच्या इतिहासापाशी मी येऊन पोचलो.

एकोणिसाव्या शतकाच्या साठच्या दशकात मुंबई भराभर बदलत होती. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस अडला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना कोटाच्या जुन्या भिंती पाडल्या गेल्या. रेल्वे १८५३ ची, विद्यापीठ १८५७ चं. कचेऱ्या वाढल्या, पेढ्या वाढल्या, इंग्रजी लिहिता-वाचता येणारी पोरं हवी होती. याच दहा-बारा वर्षांत कॅथलिक चर्चनं मुलांच्या शाळांचा सपाटा लावला. कराचीचं सेंट पॅट्रिक्स १८६१, वांद्र्याचं सेंट स्टॅनिस्लॉस १८६३, माझगावचं सेंट मेरीज १८६४, पुण्याच्या कॅम्पातलं सेंट व्हिन्सेंट्स १८६७ आणि धोबी तलावचं झेवियर्स १८६९. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, त्यामुळे कराचीही याच कुटुंबातली. (जाता जाता सांगतो, लालकृष्ण अडवाणी आणि परवेझ मुशर्रफ हे दोघेही त्या कराचीच्या शाळेचे विद्यार्थी. वर्गांत अर्थातच बरीच वर्षं मागेपुढे.)

या शाळा उभ्या केल्या त्या प्रामुख्यानं जेझुइट पंथाच्या, म्हणजे येशूसंघाच्या फादरांनी. मुंबईच्या कॅथलिकांत तेव्हा मोठी भाऊबंदकी होती. काही चर्चं गोव्याच्या पोर्तुगीज हक्काखाली, काही थेट रोमच्या अधिकाराखाली. एकाच गल्लीतली माणसं दोन पक्षांत वाटलेली. रोमच्या बाजूचे प्रमुख होते अनास्तासिउस हार्टमान नावाचे स्विस धर्मगुरू. मनुष्यबळ कमी पडतं म्हणून त्यांनी जेझुइटांना बोलावलं, आणि १८५४ पासून जर्मन जेझुइट मुंबई-पुण्याकडे येऊ लागले.

आता या शाळा कुणासाठी होत्या, हे सरळ सांगितलं पाहिजे, कारण वर्धापनदिनाच्या स्मरणिकांत ते सहसा येत नाही. माझगावची शाळा मुळात युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. वांद्र्याची सुरुवात इथल्या देशी अनाथ मुलांच्या आश्रमातून झालेली. धर्म एक, प्रार्थना एक, पण गोऱ्या कातडीचा मुलगा माझगावला आणि काळ्या कातडीचा वांद्र्याला. आपल्या समाजात ज्या गोष्टी जातीनं केल्या त्या तिथे रंगानं केल्या, एवढाच फरक. धोबी तलावचं झेवियर्स मात्र पहिल्यापासून शहराच्या तोंडावर बसलेलं. कावेलचे आणि खोताच्या वाडीतले ईस्ट इंडियन, कूडांतले गोवेकर, कोटातले पारशी, काळबादेवी-गिरगावचे हिंदू, पायधुणीकडचे बोहरी आणि खोजे, सगळे चालत येण्याच्या अंतरावर. फी भरू शकणाऱ्याला दार उघडं होतं. शाळेच्या शेजारी त्याच वर्षी त्याच नावाचं कॉलेजही सुरू झालं, त्यामुळे पोरगा एकदा आत गेला की पदवी घेऊनच बाहेर पडेल अशी सोय झाली.

मला इथे एक गोष्ट खुपते, आणि ती मराठीचा लेखक म्हणून खुपते. याच येशूसंघातले फादर थॉमस स्टीफन्स जन्मानं इंग्रज. ते गोव्यात आले, मराठी शिकले आणि ओवीछंदात ‘ख्रिस्तपुराण’ लिहिलं. ते छापून निघालं १६१६ मध्ये. इथल्या माणसाशी बोलायचं तर इथल्या भाषेत बोललं पाहिजे, हे त्यांना तेव्हा कळलं होतं. अडीचशे वर्षांनी त्याच संघाचे लोक मुंबईत शाळा काढतात आणि तिची भाषा इंग्रजी असते. दोष केवळ त्यांना देता येणार नाही. पालकांनाच इंग्रजी हवी होती. स्टीफन्सना माणसांचा धर्म बदलायचा होता म्हणून त्यांनी मराठी घेतली. या फादरांना माणसांच्या नोकऱ्यांची सोय करायची होती म्हणून त्यांनी इंग्रजी घेतली. झेवियर्सच्या दारात उभा राहणारा पारशी किंवा भाटिया बाप मुलाला ख्रिस्ती करायला आणत नव्हता, आणि फादरांनाही ते पक्कं ठाऊक होतं.

या जर्मन फादरांचं नशीब मोठं विचित्र. १८७२ मध्ये बिस्मार्कच्या राजवटीत जर्मनीनं कायदा करून जेझुइटांना देशाबाहेर काढलं. पुष्कळ फादर मग परदेशातल्या मिशनांत आयुष्यभर राहिले. मुंबईच्या शाळा-कॉलेजांना विद्वान माणसं मिळाली त्यात या कायद्याचा वाटा आहे. पुढे १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं. आता हेच फादर इंग्रज सरकारच्या लेखी शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. जर्मनीनं जेझुइट म्हणून हाकललं होतं, मुंबईनं जर्मन म्हणून हाकललं. काहींना अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या छावणीत ठेवलं, आणि १९१५-१६ च्या सुमाराला बहुतेकांना बोटीत बसवून युरोपात पाठवून दिलं. वीस-पंचवीस वर्षं मुंबईत शिकवलेली माणसं ती. त्यांचे विद्यार्थी वकील झाले होते, डॉक्टर झाले होते. ज्यांना आपण कचेरीत बसण्याइतकी इंग्रजी शिकवली, त्यांच्याच कचेरीतून आपल्या हद्दपारीचा कागद आला, असंही एखाद्याच्या बाबतीत घडलं असेल.

पुण्याचे बिशप हेन्री डोरिंग यांची कथा तर कादंबरीत शोभेल अशी. हे जर्मन जेझुइट १९०७ पासून पुण्याचे बिशप. युद्धामुळे त्यांना पुणं अंतरलं. पुढे १९२१ मध्ये रोमनं त्यांना जपानमध्ये हिरोशिमाला धाडलं. तिथे काही वर्षं काम करून १९२७ मध्ये ते पुन्हा पुण्याला आले आणि १९४८ पर्यंत राहिले. म्हणजे बिशप असतानाच त्यांनी दोन महायुद्धं पाहिली, आणि हिरोशिमावर अणुबाँब पडल्याची बातमी पुण्यात बसून वाचली. त्या दिवशी त्यांच्या मनात कोणकोणत्या गल्ल्या आणि कोणकोणते चेहरे आले असतील?

शाळा मात्र बंद पडल्या नाहीत. जागा भरायला इंग्रज जेझुइट आले; त्यांतले आल्बन गुडियर पुढे १९१९ मध्ये मुंबईचे आर्चबिशप झाले. त्यानंतर स्पेनचे जेझुइट आले. कॉलेजात इतिहास शिकवणारे आणि सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर वर्षानुवर्षं डोकं खाजवणारे फादर हेरास याच स्पॅनिश लाटेतले, १९२२ चे. मग हळूहळू गोव्याचे, मंगळूरचे, वसईचे, मुंबईचे फादर आले. १९५० मध्ये व्हॅलेरियन ग्रेशस हे मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले आणि १९५३ मध्ये पहिले भारतीय कार्डिनल. तेही त्या कराचीच्या शाळेतच शिकलेले. जर्मन गेले, इंग्रज गेले, स्पॅनिश गेले. फादर बदलत गेले तरी समोरच्या बाकांवरची मुलं त्याच गल्ल्यांतून येत राहिली.

या बाकांवर बसलेल्या एका मुलाविषयी थोडं सविस्तर सांगायचं आहे. मोहम्मद करीम छागला. जन्म १९०० चा, मुंबईतल्या खोजा घराण्यात. शाळा झेवियर्स, कॉलेज झेवियर्स, मग ऑक्सफर्ड, मग बॅरिस्टरी. १९४७ ते १९५८ ते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. छागला शाळेत होते तेव्हा धोबी तलावापासून हाकेच्या अंतरावर, बोरीबंदर स्टेशनासमोर, अंजुमन-ए-इस्लामची शाळा उभी होती. बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७४ मध्ये ही संस्था काढली. त्या सहकाऱ्यांत नाखुदा मोहम्मद अली रोगे हे आमच्या कोकणी जमातीचे व्यापारी होते, हे मी दर वेळी मुद्दाम सांगतो. म्हणजे मुसलमानांना स्वतःची शाळा नव्हती असं नाही. तरीही अनेक घरांनी पाद्र्यांची शाळा निवडली. अब्बांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, “तिकडे सगळ्या जातीची पोरं असतात, तुला मुंबईत सगळ्या जातींबरोबरच राहायचंय.”

अशी निवड करणारं आणखी एक घर माहीमचं. उस्ताद अल्लारखांचा मुलगा झाकीर सेंट मायकेल्समध्ये शिकला. उस्ताद झाकीर हुसेन यांनी मुलाखतींत ही आठवण अनेकदा सांगितली होती: पहाटे वडिलांसमोर तबला, मग मदरशात कुराणपठण, मग रस्ता ओलांडून शाळेत, जिथे प्रार्थनेत ख्रिस्ती भजनं गायची. एका सकाळीत तीन घरं. डिसेंबर २०२४ मध्ये ते गेले तेव्हा त्यांच्या तालाविषयी पुष्कळ लिहिलं गेलं. मला मात्र तो ओलांडलेला रस्ता आठवत राहिला. माहीमला एकीकडे मखदूम शाह बाबांचा दर्गा, दुसरीकडे बुधवारच्या नोव्हेनाला गर्दी होणारं चर्च. त्या गर्दीत किती हिंदू, किती मुसलमान असतात हे बुधवारी माहीमला उतरणाऱ्या कुणालाही विचारा.

शाळांनी या मिश्र वर्गांसाठी आपली एक तोड काढली होती. कॅथलिक मुलांना धर्मशिक्षणाचा तास, बाकीच्यांना त्याच वेळी ‘मॉरल सायन्स’, म्हणजे नीतिपाठ. त्या एका तासापुरता वर्ग दोन भागांत फुटे आणि तास संपला की पुन्हा एक होई. या तासाबद्दल जुन्या विद्यार्थ्यांना विचारलं तर बहुतेकांना त्यातला एकही पाठ आठवत नाही. आपण कोणत्या बाजूला बसायचो, हे मात्र सगळ्यांना आठवतं.

आणि आता १९५४. ही हकिगत शाळेच्या इतिहासात क्वचित सांगितली जाते, पण माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची तीच. मोरारजी देसाई मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते. ६ जानेवारी १९५४ रोजी सरकारनं आदेश काढला: इंग्रजी माध्यमाच्या वर्गात यापुढे नवा प्रवेश फक्त ज्यांची भाषा इंग्रजी आहे अशांनाच, म्हणजे अँग्लो-इंडियन आणि मूळ आशियाबाहेरचे जे नागरिक आहेत त्यांनाच. बाकीच्यांनी आपल्या भाषेत शिकावं. आदेशामागची भावना मला समजते. स्वतंत्र देशात मुलानं मातृभाषेत शिकावं यात वावगं काय? मी स्वतः मराठी शाळेतच वाढलो. पण आदेशाचा अर्थ काय झाला ते बघा. धोबी तलावच्या वर्गात पारशी, गुजराती, मराठी, बोहरी, सगळ्यांना दार बंद. इतकंच काय, ज्या गोवेकर आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती पोरांसाठी चर्चनं शाळा काढल्या त्यांनाही बंद, कारण ती मुलं ख्रिस्ती असली तरी अँग्लो-इंडियन नव्हती! आदेश तसाच लागू झाला असता तर फादरांच्या शाळेत मूठभर मुलं उरली असती.

देवळालीची बार्न्स स्कूल चालवणारी संस्था न्यायालयात गेली. ती शाळा कॅथलिक नव्हे, पण प्रश्न सगळ्यांचा एकच होता. संस्थेबरोबर दोन पालकही होते, एक भारतीय ख्रिस्ती आणि एक गुजराती हिंदू. दोघांच्या मुलांना या आदेशामुळे प्रवेश नाकारला गेला होता. उच्च न्यायालयात प्रकरण आलं ते मुख्य न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती दीक्षित यांच्यासमोर. झेवियर्समध्ये शिकलेल्या खोजा मुलापुढे आता प्रश्न होता की त्याच्यासारख्या मुलांना अशा शाळेत जाता येईल की नाही! फेब्रुवारीत न्यायालयानं आदेश रद्द केला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २६ मे १९५४ रोजी तिथेही हरलं.

निकालाचा गाभा साधा आहे. राज्यघटनेचं कलम २९ म्हणतं की सरकारी किंवा सरकारी अनुदानावरच्या शाळेत कुणाही नागरिकाला केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा यांमुळे प्रवेश नाकारता येणार नाही. सरकारचं म्हणणं, आमचा हेतू देशी भाषांच्या भल्याचा आहे. न्यायालय म्हणालं, हेतू काहीही असो, दारात उभ्या असलेल्या मुलाला नाकारताना तुम्ही कारण काय देता ते आम्ही बघू. शिवाय घटनेनंच अँग्लो-इंडियन शाळांना अनुदान देताना अट घातली होती की दर वर्षी किमान ४० टक्के प्रवेश इतर समाजांसाठी खुले ठेवले पाहिजेत. एकीकडे घटना सांगते इतरांना घ्या, दुसरीकडे सरकार सांगतं घेऊ नका. शाळेनं करायचं काय?

छागला पुढे केंद्रात शिक्षणमंत्री झाले, मग परराष्ट्रमंत्री. १९६७ मध्ये विद्यापीठांतून इंग्रजी घाईघाईनं काढून प्रादेशिक भाषा आणायच्या धोरणाला विरोध म्हणून त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. इथे माझं त्यांच्याशी जमत नाही. विद्यापीठात मराठी आली पाहिजे, उशिरा का होईना, असं मला वाटतं. आणि ‘घाई’ या शब्दाखाली आपण पन्नास-साठ वर्षं घालवली. पण १९५४ चा त्यांचा निकाल मला शंभर टक्के मान्य आहे. भाषा वाढवायची तर तिच्या शाळा चांगल्या करा. दुसऱ्याच्या शाळेच्या दारावर पहारा बसवून ती कशी वाढेल?

क्रिकेटशिवाय मुंबईच्या कुठल्याच शाळेचा इतिहास पुरा होत नाही, म्हणून थोडं तेही. सुनील गावसकर झेवियर्सचा. १९६६ मध्ये देशातला सर्वोत्तम शालेय क्रिकेटपटू म्हणून त्याची निवड झाली. घरी मराठी बोलणारा, चिखलवाडीत टेनिसचा चेंडू खेळून मोठा झालेला हा मुलगा पाद्र्यांच्या शाळेकडून खेळत होता, यात तेव्हा कुणाला काही विशेष वाटलं नाही. आणि फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर, शाळेच्या जवळजवळ अंगणातच, हॅरिस शिल्डच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. समोरचा संघ होता झेवियर्स! सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९. झेवियर्सकडून गोलंदाजी करणाऱ्यांत साईराज बहुतुले होता, जो पुढे भारताकडून खेळला. त्या दोन दिवसांत उन्हात धावणाऱ्या क्षेत्ररक्षकांची नावं कुणी विचारत नाही. क्रिकेटचं केंद्र फोर्टातून दादरला सरकलं होतं, त्याची ती जाहीर नोंदच म्हणायची.

आज परिस्थिती काय आहे? दक्षिण मुंबईतली वस्ती पातळ झाली. गिरगाव, काळबादेवी, धोबी तलावची मराठी, गुजराती, गोवेकर कुटुंबं बोरिवली, वसई, मिरारोड, डोंबिवलीकडे गेली. कूडांतही पूर्वीची गजबज नाही. चर्चकडे शाळेत शिकवणाऱ्या फादरांची संख्या घटली. वर्गावर बहुतांशी संसारी शिक्षक-शिक्षिका आहेत, त्यांत सर्व धर्मांचे. झेवियर्स राज्य मंडळाचा अभ्यासक्रम शिकवतं. पैसेवाल्यांचा ओढा मात्र आंतरराष्ट्रीय म्हणवणाऱ्या शाळांकडे गेला. माझगावच्या सेंट मेरीजचे तर दोन विभाग झाले, एक राज्य मंडळाचा, एक आयसीएसईचा. शंभर वर्षांपूर्वी ज्या शाळेत जाणं म्हणजे वरच्या थरात शिरणं होतं, ती आता मध्यमवर्गाची, कधी कधी निम्न मध्यमवर्गाची शाळा झाली आहे. मला हे वाईट वाटत नाही. टॅलीक्लार्कचा मुलगा आज तिथे सहज दिसू शकेल.

पण एक पेच उभा आहे, आणि तो माझ्या समाजाच्या शाळांनाही लागू आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं खासगी शाळांना २५ टक्के जागा दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवायला सांगितल्या. अल्पसंख्याकांच्या शाळांना हे लागू नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी २०१४ मध्ये दिला. कलम ३० नं दिलेला हक्क शाबूत राहावा, हे कारण. १ सप्टेंबर २०२५ रोजी त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी या निकालाविषयी शंका व्यक्त केली आणि प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा असं म्हटलं. ते प्रकरण महाराष्ट्रातूनच गेलेलं, एका मुस्लिम शिक्षणसंस्थेचं होतं.

अल्पसंख्य म्हणून मला कलम ३० हवंच आहे. ते नसतं तर कोणत्याही सरकारनं कोणत्याही शाळेत उद्या हात घातला असता. १९५४ आपण पाहिलं आहे. पण ज्या चर्चनं १८६३ मध्ये अनाथ पोरांना गोळा करून शाळेची सुरुवात केली, त्याच्या शाळांनी गरीब मुलाच्या प्रवेशापासून सूट मागावी, हे मला पचत नाही. हेच मी अंजुमनच्या वारसांना आणि आमच्या गावोगावच्या शिक्षणसंस्थांनाही सांगतो. कायद्यानं सक्ती नसेल तर नसू दे. स्वतःहून घ्यायला कुणी अडवलं आहे? अशा काही कॅथलिक शाळा आहेत ज्या फी माफ करून मुलं घेतात आणि त्याचा गाजावाजा करत नाहीत, हेही इथे सांगायला हवं.

एक शेवटची गोष्ट. २०२० मध्ये महाराष्ट्रानं सर्व शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं करणारा कायदा केला. आता फादरांच्या शाळेत मराठीचा तास टाळता येत नाही. त्याच जानेवारीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले होते. ते येशूसंघाचे नव्हेत, वसईचे. पण संमेलनाच्या व्यासपीठावर पाद्री बसलेला पाहून मला स्टीफन्स आठवले होते.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी मुंबईतल्या अशाच एका मुलांच्या शाळेत मला मराठीच्या बाईंनी कविता वाचायला बोलावलं. आठवीचा वर्ग. हजेरीपटावर डिसोझा, शेख, जैन, कांबळे, वाघेला असे सगळे. कविता त्यांना किती कळल्या कोण जाणे, पण त्यांनी ऐकून घेतल्या. शेवटी एका मुलानं हात वर केला.

“सर, तुम्ही मुस्लिम आहात ना? मग तुमची मदर टंग उर्दू. तुम्ही मराठीत का लिहिता?”

बाई कावऱ्याबावऱ्या झाल्या. मी म्हटलं, “बाळ, माझ्या आईला उर्दू येत नव्हती. ती घरात आमची कोकणी बोलायची.”

तो थोडा वेळ उभाच राहिला. मग म्हणाला, “सर, माझ्या मम्मीला पण इंग्लिश येत नाही,” आणि खाली बसला.